साकवापलीकडची हाक

"पावलां ऐकाक इली की दार उघडूचा नाय. दिवो बारीक करूचो, हात जोडूचे आणि गप रवाचा. तो फिरता तेव्हा कोण म्हणान इचारू नये, हाक मारू नये."

लग्न होऊन साळशेतला आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे सांगितलं. भात वैरताना, मान वर न करता. मला वाटलं चोराबद्दल सांगताहेत. त्या हसल्या. "चोराक हात कित्याक जोडशीत गो? राखणदार तो."

आमच्या गावचा राखणदार वेशीवरच्या वडाखाली आहे. देऊळ नाही, मूर्ती नाही, शेंदूर लावलेला एक उभा पाषाण. तो सांजेनंतर गावाच्या शिवेवरून काठी आपटत पायी फिरतो, अशी आमची श्रद्धा. म्हणून दरवर्षी देवदिवाळीला त्याला कातडी चपलांचा नवा जोड वाहतात, हातभर लांबीचा, आणि गेल्या वर्षीचा उचलतात. उचललेल्या चपलांचे तळवे झिजलेले असतात. सासूबाईंनी माझा हात धरून ते तळवे चाचपायला लावले होते. मी तेव्हाही शंका घेतली नाही आणि आजही घेत नाही. माझे सोमवार, एकादशी, तुळशीचा दिवा, जपाची माळ हे जसं आहे तसंच ते आहे.

गावात आणखी एक जण पायी फिरत असे. ते म्हणजे आमचे हे. काशिनाथ हवालदार म्हणून सगळे ओळखत. साळशेतला पोलिसांचं दूरक्षेत्र होतं, कौलारू दोन खोल्यांचं, आणि पलीकडे आमचं बिऱ्हाड. तिन्हीसांजेला मी तुळशीपाशी दिवा लावला की हे पट्टा आवळून, काठी घेऊन गस्तीला निघत. पहिल्यांदा वेशीवर जात, काठी पाषाणाला टेकवून म्हणत, "म्हाराजा, अर्धो गाव तुमचो, अर्धो माझो. खंय अडचण इली तर सांभाळून घेवा." मी चिडायची. देवाशी अशी थट्टा करतात का? हे म्हणत, "थट्टा नाय गो. दोघव एकाच ड्युटीर आसो."

गावातून पुढे खाडीचा एक हात आडवा येतो. त्यावर साकव होता, लाकडी फळ्यांचा, एका वेळी एकच माणूस जाईल असा. साकवापलीकडे वाळूची लांब पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. तिला सगळे 'टोक' म्हणत. माडांच्या बागेत चार घरं. त्यातल्या दोन घरांतले पुरुष मुंबईला. टोकावर जाताना हे प्रत्येक वळणावर मोठ्याने हाक देत, "काशिनाथ आसंय रे!" ती हाक कशासाठी, तर लोकांनी पावलांना राखणदार समजून दिवे बारीक करू नयेत म्हणून. हाक ऐकली की दारं उघडत. शेवटच्या घरातली हौसाबाई, डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी, आतूनच ओरडे, "काशिनाथा, चाय घे, पण दूध नाय हां!"

"दूध नाय तर साखर तरी घाल आवशी!"

"साखर सुनेन लपवन ठेवल्यान."

सून आनंदी आतून हसे. यांची टोकावरची गस्त म्हणजे एवढंच. कोण आजारी, कोणाची गाय हरवली, खाडीत कोणाची अनोळखी होडी लागली, सगळं त्या चहाच्या कपाबरोबर यांना कळे.

जेवताना हे मला त्यांच्या कामातलं सांगत. मला त्यात काय कळणार, पण ऐकायला बरं वाटे. बाजाराच्या दिवशी सायकल बरी, म्हणत, दुकानागणिक उतरता येतं, आणि कोणाला वाटत नाही की पोलिस आपल्यासाठीच आला. खाडीत वल्ह्याची होडी. इंजिनाची नको, तिचा आवाज पलीकडच्या गावाला आधी कळतो. हमरस्त्यावर जीपच पाहिजे, कारण तिथे चोरालाही चाकं असतात. आणि टोकावर पाय. "आणि ह्या बघ," हे बोट वर करून सांगत, "चोर धरूचो आसात तर गप जावचा. माणसाक धीर देवचो आसात तर बोलत जावचा. दोनय एकदम जमना नाय."

जिल्हा नवा झाला त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्याकडे देशमाने म्हणून फौजदार आले. तिकडे घाटावरचे, तरुण, चेहऱ्यावर झोप राहिल्यासारखे. त्यांच्याबरोबर जीप आली. तळेऱ्याच्या आसपास हमरस्त्यावर रात्रीचे ट्रक अडवून लुटत होते, एका ड्रायव्हरचं डोकं फुटलं होतं. वरून हुकूम आला की पायी गस्त बंद, सगळी माणसं जीपवर. हे, दोन शिपाई आणि ड्रायव्हर, सगळा गाव एका फेरीत बघून हमरस्त्याला लागायचं. जीप साकवापर्यंत येई, उजेड पलीकडच्या माडांवर टाकी, हॉर्न वाजवून वळे. टोक बघून झालं.

पंधरवडा गेला असेल. टोकावरचा महादू नारळ घेऊन आमच्या अंगणात आला. महादू म्हणजे आनंदीच्या शेजारचा, साधा, देवभोळा, गळ्यात तुळशीची माळ. खूश होता.

"हवालदारानु, तुमी नाय येत म्हणान आमका वाईट वाटलेला. पण आता काळजी नाय. म्हाराज स्वतः फिरतत."

"फिरतत?"

"काठी आपटत! सगळ्यांनी ऐकलानी. आमी दिवे बारीक करून हात जोडतो. वाडीन नारळ ठेवलो थंय."

मलाही बरं वाटलं. मी लगेच समईकडे बघून हात जोडले. हे मात्र पान लावत होते ते थांबले.

"महादू, खंयसून खंय जातत पावलां?"

"दर्याकडे जातत. मगे परत येतत, खाडीकडे."

"दोनय सारखीच?"

महादूने विचार केला. "जाताना हलकी. येताना जड."

"म्हाराज कसलो भार आणता रे?"

"गावचा पाप," महादू म्हणाला आणि यांच्या हातातलं पान घेऊन तोंडात घातलं.

तो गेल्यावर हे उंबऱ्यात बसून हिशेब मांडू लागले. दर्यातून काहीतरी उतरत होतं आणि टोकावरून खाडीतल्या होडीत चढत होतं. चांदी, घड्याळं, कापड, त्या दिवसांत किनाऱ्यावर काय काय उतरत असे ते सगळ्यांनाच ऐकून ठाऊक होतं. गावाची रीत त्या लोकांना कोणीतरी सांगितली होती. काठी आपटली की टोकावरची चारही दारं आपणहून लागत होती.

त्यानंतरच्या एकादशीला आनंदी आली. मी तुळशीला प्रदक्षिणा घालत होते. ती माझ्या पाचही फेऱ्या होईपर्यंत खांबाला टेकून उभी राहिली. डोळे न झोपलेल्या माणसासारखे.

"वयनी, राखणदार कॅनव्हासचे बूट घालता काय गो?"

मी हातातला तांब्या तुळशीपाशी ठेवला.

"मी फटीतसून बघलंय. तिघे आसत. आमच्या खळ्यातसूनच जातत. काल मांगराचा कुलूप तोडून पेटी ठेवल्यानी. मी कोणाक सांगू? महादूभावजींक सांगलंय तर ते म्हणतले, तू देवाक बघलंस कित्याक."

"दुसऱ्या कोणी बघलं नाही?"

"दुसऱ्यांचे डोळे मिटलेले आसतत. तुमीच सांगा, तुमी बघला आसता?"

मी खरं सांगते, नसतं बघितलं. सासूबाईंचा शब्द माझ्या हातांतच बसला होता. पावलं ऐकली की माझा हात आपोआप वातीकडे गेला असता.

हे आतून बाहेर आले होते. आनंदीने पदर सावरला. "भावोजी, माका त्येंका धरूक नको. तुमी पूर्वी येयत तशी एक हाक मारत येवा. शेजाऱ्यांची दारा उघडी ऱ्हवली तरी माका पुरे."

यांनी साहेबांना विचारायला हवं होतं. न विचारताच, तुळशीसमोर उभं राहून म्हणाले, "मी ह्या ठाण्यात आसंय तवसर टोकार सांजेची हाक येतली. आवशीक सांग."

आनंदी गेली. मी म्हटलं, "जीपवर असाल तर कसं जाल?"

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या ओटीवर चहाला आले. यांनीच बोलावलं होतं. मी आत दूध तापवत होते, तरी सगळं ऐकू येत होतं.

"हवालदार, मला दिसत नाही असं समजू नका," साहेब म्हणाले. "टोकावर पायी माणूस हवा, हे मीही जाणतो. पण तळेऱ्याला ट्रकवाला रक्ताने न्हालाय. तिकडे पायी माणूस पाठवू?"

"नाही साहेब. तिकडे जीपच."

"मग जीपला माणसं लागतात. एकटा ड्रायव्हर फिरवला तर त्यालाच लुटतील. आता तुम्हीच सांगा, कोणाला खाली उतरवू?"

यांनी पानाचा डबा साहेबांपुढे सरकवला.

"एक करता येईल," साहेब म्हणाले. "दोन दिवस हमरस्ता शेजारच्या ठाण्याला सांभाळायला सांगतो. तुम्ही साध्या कपड्यात टोकावर दबा धरून बसा. आले की धरा. विषय संपला."

"साहेब, हाक मारत जाऊ द्या मला."

"हाक मारलीत तर पळतील. मग पुढच्या गावात उतरतील. मला ते हवेत हवालदार."

"मला ती दारं उघडी हवीत, साहेब."

साहेब हसले, पण त्रासून. "तुम्हाला धीर द्यायचाय, मला माणसं धरायचीत. माझ्या वरच्यांना विचारलं तर ते काय म्हणतील, सांगा बघू?"

मी चहा घेऊन बाहेर गेले. साहेबांनी उठून कप घेतला. "वहिनी, आज सोमवार, उपास ना तुमचा? आणि माझ्यासाठी चुलीपाशी." भला माणूस होता. तोच तर घोळ. वाईट असता तर रागावता तरी आलं असतं.

दबा धरला. हे आणि एक शिपाई लुंग्या नेसून, पायताणं हातात घेऊन अंधार पडताना टोकावर गेले, सुरूच्या झाडांत बसले. वाळूत किती सांभाळलं तरी पाय वाजतात. घरातल्यांनी ऐकलं. दिवे बारीक झाले. हे झाडांतून बघत होते, म्हणाले, एकेक उजेड आत ओढला जाताना दिसला, आपल्याच पावलांमुळे. त्या दोन दिवसांत कोणी आलं नाही. कोणीतरी त्यांना कळवलं असणार, नाहीतर दर्या तेव्हा खवळलेला असेल. आनंदीच्या मांगरात, घराबाजूच्या त्या कोठीत, पेटीही नव्हती, आदल्या दिवशीच गेली होती. साहेबांच्या हाती काही लागलं नाही, आणि शेजारच्या ठाण्याने माणसं परत मागितली.

पुढच्या आठवड्यात यांची नेमणूक तळेऱ्याच्या नाक्यावर झाली. ठाणं तेच, बिऱ्हाड इथेच, पण मुक्काम तिकडे. सुटी मिळेल तेव्हा एस.टी.ने यायचं. पिशवी भरताना यांनी काठी उचलली आणि परत कोपऱ्यात ठेवली. "तळेऱ्याक काठयेचा काय काम? थंय शिट्टी आणि बॅटरी."

त्यानंतर टोकावर जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. आनंदीने मला ते दिवसाउजेडी सांगितलं, मालवणच्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून, शांतपणे, जसं काही दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

तिन्हीसांज टळून गेली होती. हौसाबाई माजघरात बसली होती. खळ्यात, दारापुढच्या अंगणात, पावलं वाजली. आनंदीने दिवा झाकला आणि म्हातारीचा हात धरायला वळली, तेवढ्यात म्हातारी उठून दाराकडे गेलीसुद्धा. कडी काढली. कारण तिला यांचा शब्द सांगितलेला होता ना, रोज सांजेची हाक येईल म्हणून. ती रोज वाट बघत होती. आणि हाक न आल्याचा तिला राग आला होता.

"काशिनाथा," म्हातारी ओटीवरून म्हणाली, "आज हाक कित्याक मारूक नाय रे? चाय पिवक नको काय?"

त्या लोकांना वाटलं असेल, पोलिसाला हाक मारते आहे. पुढच्याने तिला बाजूला लोटलं. ओटीवरून खाली पडली ती दगडी पायरीवर. कमरेचं हाड गेलं.

"मी हाका मारलंय वयनी. एकेकाच्या नावान. महादूभावजी, धावा. राधाबाय, धावा. माका महादूच्या खिडकीतलो दिवो दिसत होतो. मी हाक मारलंय, आणि तो दिवो..." तिने बोटांनी वात खाली करायची खूण केली. "असो बारीक झालो. माझ्यासमोर."

"जीप?"

"जीप इली ना. साकवार थांबली, माडांच्या शेंड्यांर उजेड पडलो, हॉर्न वाजलो. मी बोंबाललंय. इंजिन चालू होता. वळान गेली."

उजाडेपर्यंत ती सासूचं डोकं मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली. उजाडल्यावर पहिला महादूच आला. त्यानेच दार काढून त्यावर म्हातारीला घातलं, साकवावरून पाय सांभाळत आणलं. रडत होता म्हणे सारखा.

पण गावात आले तेव्हा बोलणं दुसरंच झालं. आनंदीच्या घरच्यांनी पावलं ऐकून दार उघडलं. म्हातारीने हाक मारली. सुनेने तर आधीपासून फटीतून बघितलं होतं, ते तिने इस्पितळात कोणाजवळ तरी बोलून टाकलं होतं. राखणदार कोपला. गुरवाने वेशीवर गाऱ्हाणं घातलं, व्हय म्हाराजा म्हणून सगळ्यांनी साथ दिली. देवदिवाळी लांब असताना नव्या चपला करायला टाकल्या. चुकी पदरात घे म्हणून. आनंदीला कोणी वाईट बोललं नाही. फक्त विहिरीवर ती आली की बायका कळशी भरून निघत.

महादू माझ्याकडे आला. ओटीवर बसला नाही, खालीच उभा राहिला.

"वयनी, माका तिची हाक ऐकाक इली. माझा नाव घेवन मारल्यान."

"मग?"

"पावलांय ऐकाक इली आदी." त्याने गळ्यातली माळ मुठीत धरली. "आता सगळे सांगतत ते माणूस होते. आसतीतय. पण वयनी, खरोच म्हाराज आसतो तर? तुमी येवढे नेम करतास, तुमीच सांगा, मी काय करूचा होता?"

मी त्याला पाणी दिलं. तो अर्धं प्यायला आणि पेला पायरीवर ठेवून गेला.

साहेबही आले. त्या दिवशी चहा घेतला नाही. टोपी मांडीवर ठेवून बसले. "वहिनी, जीप तिथेच होती," म्हणाले.

"होती, साहेब."

"इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबायला हवं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे हमरस्ता गाठायचा होता." त्यांनी टोपीवरची धूळ झटकली. मग म्हणाले, "माणसं मागितलीत मी. वर कळवलंय. बघू." हे 'बघू' त्यांनी असं म्हटलं की पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही. जाताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या काठीवर गेली. ती बघून त्यांनी चपला घातल्या.

यांना तळेऱ्यातच कळलं होतं. सुटी मिळून हे आले ते दुपारच्या गाडीने. घरात पिशवी ठेवली आणि सरळ वेशीवर गेले. मी मागून गेले, लांब उभी राहिले. हे पाषाणासमोर बसले होते. नंतर इस्पितळात गेले. हौसाबाईने यांचा हात चाचपून ओळखला म्हणे, आणि विचारलं, "हाक कित्याक मारूक नाय रे?" यांनी काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही. घरी येऊन जेवले नाहीत. सकाळच्या एस.टी.ला मी फाट्यापर्यंत सोडायला गेले, तेव्हा गाडीत चढता चढता एवढंच म्हणाले, "शब्द मी दिल्लंय. देवक नको होतो." गाडी सुटली. खिडकीतून माझ्याकडे नाही, खाडीकडे बघत होते.

त्याच दिवशी दुपारी आनंदी आली. हौसाबाईजवळ तिची लेक येऊन राहिली होती. आनंदीच्या हातात छोटं गाठोडं होतं.

"घराकडे जातंय वयनी. गायीक चार दिस शेजारी बगतत, पण किती दिस बगतले?"

"एकटी राहशील? इथे ये झोपायला. माझ्याकडे कोण आहे?"

"घर उघडा टाकलंय तर ता त्येंचाच जातला. मगे आये खंय येवची?"

"मुंबईला नवऱ्याला कळवलंस?"

"तार केलंय. रजा गावल्यार येतलो." ती हसली. "सगळेच रजा गावल्यार येतत."

तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. भावोजींचा विषयही काढला नाही. मी तिला प्रसादाचा नारळ दिला, तिने पदरात घेतला, नमस्कार केला आणि गेली. ती काही मागती तर मी समजूत घालू शकले असते. साहेबांनी माणसं मागितलीत, हे पुढल्या सुटीत येणार आहेत, असं काहीतरी. तिने ती संधी ठेवली नाही.

मी माळ घेऊन बसले. मणी पुढे जाईनात. माझा एक नेम होता, लग्न झाल्यापासूनचा. तुळशीपाशी दिवा लावला की उंबरा ओलांडायचा नाही. सासूबाईंनी घालून दिलेला. हे गस्तीला बाहेर असताना घरात दिव्याजवळ कोणीतरी हवं, म्हणून. मी तो आजारपणातही मोडला नव्हता. आणि मला जमतं ते एवढंच, रोज तेच, त्याच वेळी. हुकूम बदलला की गस्त बदलते. नेमाला तसा हुकूम कोणाचा नसतो. पण त्याने टोकावरच्या बाईचं काय होणार होतं? मी काही पोलिस नाही. माझा आवाज माजघरातून ओटीवर पोचत नाही म्हणून हे जन्मभर हसत आले. बूट घातलेली तीन माणसं आली तर कंदील धरून उभी राहिलेली बाई काय राखणार? काही नाही. मी स्वतःची खोटी समजूत घातलेली नव्हती.

दिवस कलला तसा मी दिवा लावला, नेहमीपेक्षा थोडा आधी. तेल जास्त घातलं. तुळशीला हात जोडून सांगितलं की दिव्याजवळ तू बस आज. मग कंदिलाची काच पुसली.

वेशीवरून जाताना वडाखाली थांबले. नव्या चपला अजून आल्या नव्हत्या. जुन्या तशाच होत्या, तळवे वर करून ठेवलेल्या. मी यांच्यासारखं बोलू शकत नाही. म्हटलं, "म्हाराजा, त्यांची अर्धी वाट मी चालते. मी मोठ्याने नाव सांगत जाईन. तुमचा अपमान नका मानू."

साकवाच्या अलीकडे कोणी नव्हतं. पलीकडे माडांत चार ठिकाणी उजेड लागत होते. एक आनंदीचा असणार, शेवटचा. मी पदर खोचला. काय हाक मारायची? यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलेलं नाही, उखाण्याशिवाय. घसा खाकरून मी हळूच म्हणून पाहिलं, "कावेरी आसंय गो." शेजारच्या चिप्पीच्या झुडपातला बगळासुद्धा उडाला नाही.

पुन्हा म्हटलं. थोडं मोठ्याने.

मग कंदिलाची वात वर केली आणि साकवाच्या पहिल्या फळीवर पाय ठेवला.